तक्त्यावरचं उत्तर

आईने तिसऱ्या शर्टाची कॉलर दोन्ही मुठींत धरून साबणावर घासली, तसा तिच्यावरचा गव्हाळ थर सुटून बादलीतल्या पाण्यात पसरला. हा चेहऱ्याला लावायचा रंग. दिव्यांच्या झोतात चेहरा तेलकट दिसू नये म्हणून कॅमेऱ्यासमोर बसवण्याआधी तिथली बाई तो पार मानेपर्यंत फासते, असं पंडितने पहिल्यांदा जाऊन आल्यावर सांगितलं होतं. तिने कॉलर पिळली, शर्ट बाजूला टाकला आणि चौथा उचलला.

चौथ्याची घडी मोडलेलीच नव्हती. पाचव्याचीही नव्हती. इस्त्री करून, आत जुन्या वर्तमानपत्राचा कागद घालून तिने दिले होते, तसेच ते दोन्ही परत आले होते.

हातावरचा फेस वाळेपर्यंत ती बसून राहिली. मग हात धुऊन, पदराला पुसून, ते दोन शर्ट कपाटात ठेवून आली.

कार्यक्रम रोज संध्याकाळी सातला लागायचा, पण त्याचं चित्रण काही रोज होत नसे. आठवड्याचे पाचही भाग एका दिवसात उरकायचे, आणि प्रत्येक भाग वेगळ्या दिवशीचा वाटावा म्हणून जिंकणाऱ्याने मधल्या वेळात शर्ट बदलायचा. हरला की बॅग उचलून घरी. पंडित इतके आठवडे जिंकत होता की सूत्रसंचालकाने त्याची ओळख करून देणंही सोडून दिलं होतं. दर खेपेला तो पाच शर्ट न्यायचा आणि पाचही कॉलरी माखून आणायचा. सोमवारचा पांढरा, मंगळवारचा रेघांचा, बुधवारचा निळा, हा क्रम आईनेच लावून दिलेला. म्हणजे तो निळ्या शर्टात हरला होता. टीव्हीवर तो बुधवार यायला अजून तीन आठवडे होते, आणि तोवर घरातसुद्धा चकार शब्द काढायचा नाही, असं लिहून दिल्याशिवाय कुणाला तिथे बसूच देत नसत.

पंडित आतल्या खोलीत औषधांच्या दुकानात जायची तयारी करत होता. तो तिथे काउंटरवर उभा असे. हल्ली गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागायला येई आणि जाताना एखादा प्रश्न विचारून त्याची परीक्षा घेई. आईने दारातून त्याच्याकडे निरखून पाहिलं. हरलेल्या माणसाची काहीच खूण नव्हती. जेवला नीट होता, झोपला नीट होता. फक्त बाहेर पडताना तो बाबांच्या खोलीपाशी थांबला, आत डोकावला आणि काहीच न बोलता निघून गेला. ते मात्र तिच्या मनात राहिलं. हरल्याचं दुःख हा मुलगा लपवत नव्हता. मग काय लपवत होता?

बाबांना सगळे तक्तेवाले म्हणत. शाळांच्या भिंतींवर टांगायचे कापडी तक्ते ते हाताने रंगवायचे. माणसाचं हृदय, पृथ्वीच्या पोटातले थर, सूर्यमाला, पक्ष्यांच्या चोची. वर-खाली काठी लावलेले ते तक्ते घरभर दोऱ्यांवर वाळत पडलेले असत, आणि त्यांच्याखाली पंडित रांगला, चालायला शिकला, मोठ्यांदा वाचायलाही शिकला. चार वर्षांचा असताना तो पाहुण्यांना "ही तुमची जठराची जागा" असं त्यांच्या पोटावर बोट ठेवून सांगायचा. पंडित हे नाव तेव्हाचं.

मग छापील तक्ते आले. गुळगुळीत, चकचकीत, गठ्ठ्याने मिळणारे. बाबांकडे शाळांचे शिपाई यायचे बंद झाले. भांडण नाही, तक्रार नाही. बाबा नुसते मिटत गेले. सकाळी पेपर, दुपारी पडणं, संध्याकाळी खिडकी. "हो", "नको", "ठेव तिथे", एवढ्यावर त्यांचा दिवस निभायचा. आई त्यांच्यापुढे ताट ठेवताना मुद्दाम काहीबाही विचारायची, केवळ आवाज ऐकायला मिळावा म्हणून.

पंडित टीव्हीवर दिसू लागला त्या पहिल्या संध्याकाळी बाबा दारात उभे राहून बघत होते. मानवी शरीरातलं सर्वांत लहान हाड कुठे असतं, असं विचारलं गेलं. पंडितने बटण दाबायच्या आत बाबा म्हणाले, "कानात." आणि पडद्यावरचा पंडित म्हणाला, "कानात." बाबा आत आले आणि खुर्चीत बसले. "माझा तक्ता आहे तो," ते म्हणाले. "कानाचा. त्या हाडाला मी तीन-तीनदा रंग दिला होता, उठून दिसेना म्हणून."

इतकी वाक्यं त्यांनी वर्षभरात सलग बोलली नव्हती.

तेव्हापासून सातच्या आधी चष्मा पुसून ते खुर्चीत हजर. पंडित जिंकला की तक्ता कुठला, कधीचा, कुठल्या शाळेत लागला, हे सगळं साग्रसंगीत. तक्त्यावर नसलेला प्रश्न आला आणि पंडितने तोही सोडवला, की मग, "हे पोस्टाशेजारच्या वाचनालयातलं दिसतंय," असं जरा नाराजीने.

शेजारच्या काकूही रोज येऊन बसत. त्यांच्या घरी टीव्ही होता, पण तिथे कुणी उत्तरं आधी सांगत नसे.

"तक्तेवाले, तुम्हीच का नाही जाऊन बसलात तिथे?" त्या म्हणायच्या. "मुलाला कशाला पुढे केलंत?"

"मला बटण दाबायला वेळ लागतो," बाबा म्हणायचे.

"आणि बोलायला लागत नाही वाटतं हल्ली."

बाबा हसायचे. आई स्वयंपाकघरातून ते हसणं ऐकायची आणि कढईखालचा गॅस उगाच बारीक-मोठा करायची.

आईचा एक नेम होता. सकाळी अंघोळ झाली की पूर्वेला हात जोडायचे आणि आज तोंडातून खोटं जाऊ देऊ नकोस, एवढंच मागायचं. तो नेम तिने लग्नाआधीपासून पाळला होता आणि त्यापायी अनेकदा अडचणीत आली होती. आता तर काकू रोजच खोदून विचारायच्या.

"आणखी किती दिवस जिंकणार आहे गं हा? तुला ठाऊक असणार."

"काकू, चहात साखर किती घालू?"

"तू विषय बदललास म्हणजे ठाऊक आहे."

"दोन चमचे घालते."

तीन आठवडे असे गेले. शेवटच्या सोमवारी पांढरा शर्ट जिंकला, मंगळवारी रेघांचा. त्या मंगळवारी रात्रीचं जेवण वाढताना पंडित पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाला,

"बाबा, उद्या साडेसहाला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय तुमच्यासाठी."

"उद्या? सातला कार्यक्रम असतो."

"एक दिवस नाही पाहिला तर काय होतंय? नंबर वाढलाय तुमचा."

"वाढू दे. डोळे काय पळून जातायत? परवाची वेळ घे."

"परवा ते नसतात."

"मग शनिवारची घे." बाबांनी भाताला हात घातला. "तुला माझ्या डोळ्यांची इतकी काळजी असती तर मघाशी तो नकाशाचा प्रश्न नीट सोडवला असतास. जेमतेम वाचलास."

जेवणं आटोपल्यावर पंडित भांडी विसळायला आईजवळ येऊन उभा राहिला. असा तो सहसा येत नसे.

"बुधवार टाळून चालणार नाही रे," आई हळू आवाजात म्हणाली. "काकू सांगतीलच की."

त्याचा हात नळाखाली थांबला. "तुला कसं कळलं?"

"कॉलरी मी धुते."

तो हसला, मग हसू ओठांवरच ठेवून पाण्याकडे बघत राहिला. "कराराचं कलम लिहिणाऱ्याला हे सुचलं नसणार."

"हरलास त्याचं वाईट वाटलं?"

"नाही गं. केव्हातरी हरायचंच होतं. कंटाळा आला होता खरं सांगायचं तर. तिथले दिवे फार तापतात." त्याने ताट पालथं घातलं. "हरलो हे बघू देत त्यांना. कसा हरलो ते बघायला नको."

"काही लबाडी केलीस?"

"आई."

"मग?"

"सांगता येत नाही. लिहून दिलंय."

मघाशी याच कराराची थट्टा करणारा मुलगा आता त्याच्याच आड लपत होता. आईने पुढे विचारलं नाही. पण अंथरुणाला पाठ टेकल्यावरही तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. माणूस हरतो कसा? उत्तर येत नाही म्हणून, किंवा उशीर होतो म्हणून. यात बापाने बघू नये असं काय असतं?

बुधवारी सातला निळा शर्ट पडद्यावर आला. काकू चटईवर ऐसपैस बसल्या होत्या. पंडितने दुकानातून लवकर सुटका करून घेतली होती आणि तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. बस म्हटलं तरी बसेना.

सुरुवातीला नेहमीसारखंच चाललं. बाबा पडद्याच्या पुढे एक पाऊल, पडदा त्यांच्या मागे. समोर एक शाळामास्तरीण होती, शांत, चुणचुणीत, एकही संधी न सोडणारी. शेवटच्या फेरीत दोघांचे गुण सारखे झाले. सूत्रसंचालकाने कार्ड उचललं. एकच प्रश्न, एकच उत्तर, चुकलं तर समोरच्याला संधी.

"मधमाशीला पंख किती असतात?"

पंडितने बटण दाबलं. त्याचा दिवा लागला.

"दोन," बाबा खुर्चीतून म्हणाले. मग पाय खाली सोडून आईकडे झुकले. "अगं, कीटकांचा तक्ता तो. माझा सगळ्यात चांगला तक्ता. आठवतो ना तुला? जिवंत माशी धरून आणली होती मी, काचेखाली ठेवून बघून-बघून काढली. दुसरे लोक पुस्तकातून उतरवायचे. मी खरी माशी."

पडद्यावरचा पंडित बोलत नव्हता. इतक्या आठवड्यांत आईने त्याला बटण दाबून थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. उत्तर येत असेल तरच तो दाबायचा, आणि दाबलं की उत्तर ओठांवर हजर. आज तो समोरच्या टेबलाकडे बघत होता. मग त्याने मान वर केली, ती सूत्रसंचालकाकडे नाही, सरळ कॅमेऱ्याकडे.

"दोन," तो म्हणाला.

बाबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

एक भोंगा वाजला. मास्तरणीने शांतपणे सांगितलं, "चार," आणि तिच्यावर रंगीत कागदाचे कपटे पडू लागले.

काकूंनी एकदा बाबांकडे, एकदा दाराकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात रेटून उठल्या. "चला, माझी कणीक तशीच पडलीय," त्या म्हणाल्या आणि जाता जाता पंडितच्या दंडावर हात ठेवून गेल्या.

"चार?" बाबा म्हणाले. त्यांनी विचारलं ते पडद्याला.

"पुढच्या दोन पंखांच्या मागे आणखी दोन लहान असतात," पंडित दारातूनच म्हणाला. "बारीक आकड्यांनी ते पुढच्यांत अडकलेले असतात. त्यामुळे दोनच दिसतात. कुणालाही दोनच दिसतील, बाबा."

"तुला हे कधी कळलं?"

"तिथून आल्यावर. शोधून काढलं."

"आणि तिथे?"

"तिथे काय, डोळ्यांसमोर तुमची माशी आली. तेच बोललो."

बाबांनी चष्मा काढला. तो पुसायला काही शोधत असल्यासारखे ते खिसे चाचपत राहिले, मग उठून आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. तिथून आई पूर्वी रोज ऐकायची तसली शांतता येऊ लागली. जुनीच, ओळखीची. तिने टीव्ही बंद केला. संपलं, तिच्या मनात आलं. मुलगा हरला होता एका खेळात. घर पुन्हा हरलं होतं. आणि दारात जो उभा होता त्याच्याकडे बघवत नव्हतं.

सकाळी हात जोडायला ती पूर्वेच्या खिडकीपाशी गेली तेव्हा घरात टर्पेंटाइनचा वास येत होता.

बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं. काचेच्या एका बरणीत ब्रश भिजत घातले होते. पडून पडून दगडासारखे झालेले ते ब्रश बाबा एकेक करून जुन्या बनियनला पुसत होते. बाजूला रंगाच्या दोन डब्या आणि एक भिंग.

"तो तक्ता एका शाळेत अजून आहे," ते वर न बघता म्हणाले. "पंडितच्या शाळेत. विज्ञानाच्या वर्गात. बाकीच्यांची रद्दी झाली असेल, पण ती मुख्याध्यापिका काही टाकत नाही." मग थोड्या वेळाने, "इतकी वर्षं पोरांनी दोनच मोजले असतील गं."

"जायचं?" आई म्हणाली.

"नाहीतर काय, इथे बसून वाळवू हे ब्रश?"

दुपारी शाळा सुटण्याच्या सुमारास तिघे गेले. मुख्याध्यापिकेने त्यांना वर्गापर्यंत आणून सोडलं, पण पंडितला आत शिरताच आलं नाही. व्हरांड्यात पोरांनी त्याला गाठलं होतं. काल हरलात ना, असं एकाने तोंडावर विचारलं आणि दुसरीने लगेच त्याला कोड्यात पाडायला घेतलं. बाबा आणि आई पुढे गेले.

तक्ता खिडकीशेजारच्या भिंतीवर होता. वर मोठ्या वळणदार अक्षरांत 'उपयोगी व उपद्रवी कीटक'. कापड कडेला पिवळं पडलं होतं, पण रंग धडधाकट होते. फुलपाखरं वर, भुंगे मध्ये, आणि मधमाशी अगदी खालच्या रांगेत. तिथे हात पोचावा म्हणून बाबांना पोरांच्या बुटक्या बाकावर बसावं लागलं. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या डोळ्यांना ती नेमकी समोर आली असती.

आईने डबी उघडून धरली. बाबांनी ब्रशचं टोक रंगात बुडवलं, डबीच्या काठाला निथळवलं, हात तक्त्यापर्यंत नेला आणि थांबले.

"जरा बाजूला हो," ते म्हणाले. "उजेड येऊ दे."

ती सरकली. खिडकीतला तिरपा उजेड कापडावर पडला. बाबांनी दुसऱ्या हाताने भिंग धरलं, मग ते आईकडे दिलं.

मधमाशीच्या दोन पंखांमागे आणखी दोन लहान पंख होते. कुणीतरी शिसपेन्सिलीने काढलेले आणि नंतर खोडून टाकलेले. रबराने शिसं बरंच गेलं होतं, पण पेन्सिल दाबून चालवल्याचा वळ कापडावरच्या पांढऱ्या रंगाच्या थरात राहिला होता. रेघ सलग नव्हती. तुटक होती, एक टिंब, एक जागा, पुन्हा टिंब. पुढच्या वस्तूने झाकलेला भाग सलग रेघेने काढायचा नाही, तुटक रेघेने दाखवायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की हे आहे पण दिसत नाही. ही तक्ते काढणाऱ्याची रीत. शाळेत ती कुणी शिकवत नाही. आईच्या घरात ती जमिनीवर पालथं पडून एका पोराने शिकली होती.

तिने भिंग खाली घेतलं. व्हरांड्यातून पंडितचा आवाज येत होता. शनीला कडी असतात तशी आणखी कुणाकुणाला असतात, हे तो कुणालातरी सांगत होता.

"शोधून काढलं म्हणे," बाबा पुटपुटले. "तिथून आल्यावर."

आईच्या डोळ्यांसमोर निळ्या शर्टातला तो मुलगा होता, जो बटण दाबून टेबलाकडे पाहत राहिला होता.

बाबांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. त्यांचा हात तुटक रेघेवर टेकला आणि तिच्यामागून निघाला. एक पंख, मग दुसरा. एकाही ठिकाणी त्यांनी वळ सोडून आपली वेगळी रेघ काढली नाही. पंखांच्या शिरा मात्र त्यांनी स्वतःच्या मनाने भरल्या, पातळ करड्या रंगाने, श्वास रोखून.

पंडित आत आला तेव्हा ते ब्रश पुसत होते.

"जमलं?" त्याने विचारलं.

"जमलं. आखणी होतीच."

पंडितने तक्त्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई डबीचं झाकण लावण्यात गुंतली होती आणि ते काही केल्या तिला सरळ बसवता येत नव्हतं.

बाबा बाकावरून उठले नाहीत. त्यांनी पाय लांब केले, चष्मा कपाळावर चढवला आणि भिंतीवरच्या त्या सगळ्या कीटकांवरून एकदा नजर फिरवली.

"ब्रश भिजलेत तोवर सांगून टाक," ते म्हणाले. "आणखी कुठे काय आहे?"

पंडित बाबांच्या शेजारी त्या बुटक्या बाकावर बसला, गुडघे हनुवटीपाशी आले त्याचे, आणि त्याने तक्त्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"कोळी," तो म्हणाला. "कोळी कीटक नसतो, बाबा. आठ पाय असतात त्याला."

"ते मला तेव्हाही ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "जागा उरली होती."